ससाण्याला शिकार कोण शिकवतं? : बुऱ्हाणपूर ते असीरगड

मराठी माणूस बुऱ्हाणपूरला जातो तो बहुधा इतिहासाच्या ओढीनं. भुसावळहून खंडव्याकडे निघालेली गाडी रावेरच्या केळीबागा मागे टाकते, राज्याची हद्द ओलांडते, आणि तरीही कानावर पडणारी बोली फारशी बदलत नाही. १६३१ मध्ये मुमताज महलनं इथे देह ठेवला, १६६७ मध्ये मिर्झाराजे जयसिंगांनी, आणि १६८१ च्या आरंभी मराठी फौजेनं याच शहराचा बहादूरपुरा लुटला. पाहणाऱ्याला दोन-तीन दिवस पुरेल एवढा हा ऐवज आहे. पण तापीकाठचा राजवाडा, जामा मशिदीचे मिनार आणि उत्तरेला वीसेक किलोमीटरवरचा असीरगड ही तीन ठिकाणं आणखी एका प्रश्नासाठी पाहण्याजोगी आहेत. उंच कपारीत जन्मलेलं बहिरी ससाण्याचं पिल्लू उडायला आणि शिकार करायला शिकतं ते कोणाकडून? आई-बाप त्याला धडे देतात, असं सर्रास सांगितलं जातं. उपलब्ध पुरावा मात्र वेगळ्या बाजूला झुकतो. आई-बाप पिल्लाला अन्न आणि उसंत देतात. शिकवण्याचं काम जागा करते. हे खरं असेल तर ससाणा राखायचा म्हणजे आधी जागा राखायची. तशी जागा कशाकशानं बनते, हे समजून घ्यायला बुऱ्हाणपूरसारखं जुनं, उंचसखल, नदीकाठचं शहर फार सोयीचं आहे. या शहरात ससाण्याचं घरटं दाखवावं हा इथे हेतू नाही. ससाण्याच्या गरजांच्या मापानं शहर वाचावं एवढाच आहे.

आधी पक्ष्याची ओळख. बहिरी ससाणा अंटार्क्टिका सोडून सर्व खंडांत आढळतो. भारतात त्याची दोन रूपं प्रामुख्यानं दिसतात. एक उत्तरेच्या टुंड्रा प्रदेशातून हिवाळ्यात येणारा पाहुणा. मुंबईच्या उंच इमारतींच्या कठड्यावर थंडीत ठाण मांडून बसतो तो बहुधा हाच. दुसरा इथलाच रहिवासी, शाहीन ससाणा. तो आकारानं थोडा लहान, पाठीनं जवळजवळ काळा आणि पोटाकडे तांबूस असतो. त्याची वीण उभ्या कड्यांवर होते, सह्याद्रीतही आणि मध्य भारतातही. मादी नरापेक्षा बरीच मोठी असते. काटक्यांचं घरटं हा पक्षी बांधत नाही. कपारीतली माती पायानं उकरून केलेल्या खळग्यात मादी साधारण तीन-चार अंडी घालते. महिनाभर उबवण, मग सुमारे सहा आठवडे कपारीतलं संगोपन. शाहीनच्या विणीचा काळ हिवाळ्याच्या मध्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो, त्यामुळे पिल्लं कपार सोडतात तेव्हा ऊन तापू लागलेलं असतं. प्रौढ ससाणा सूर मारतो तेव्हा त्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जातो. हाच पक्षी पहिल्या उड्डाणाच्या दिवशी मात्र नीट उतरूही शकत नाही. या दोन टोकांमधलं अंतर काही आठवड्यांत कसं कापलं जातं, हा खरा पाहण्याचा विषय आहे.

उडण्याच्या आधीचे दिवस पंख बळकट करण्यात जातात. पिल्लू कपारीच्या काठाशी येतं, वाऱ्याकडे तोंड करून जोरजोरानं पंख मारतं, कधी क्षणभर अधांतरी होतं आणि पुन्हा टेकतं. पहिली झेप बरेचदा अर्धी ठरवून आणि अर्धी तोल जाऊन घडते. हवेत टिकणं लवकर जमतं, पण उतरणं अवघड जातं, कारण वेग केव्हा आणि किती मारायचा याचा अंदाज अनुभवाशिवाय येत नाही. त्यानंतर पाठलाग सुरू होतो, आणि पहिलं लक्ष्य भावंडं असतात. ती एकमेकांवर सूर मारतात, हवेत उलटी होऊन पंजे भिडवतात. उडतं पान, पीस, चतुर, फुलपाखरू, काहीही त्यांना पुरतं. अन्न घेऊन येणाऱ्या आई-बापांवरही ती तुटून पडतात. प्रौढ पक्षी मग भक्ष्य कपारीत आणून देण्याऐवजी हवेत सोडू लागतात आणि पिल्लं ते पडताना झेलतात. हे दीडदोन महिने चालतं. या काळात खरी शिकार क्वचितच साधते. साधतो तो अंतर, वेग आणि वाऱ्याचा हिशेब. पुढे पिल्लू स्वतः पोट भरू लागलं तरी धोका संपत नाही. पहिल्या वर्षात निम्म्याहून अधिक तरुण ससाणे मरतात, असाच बहुतेक ठिकाणचा अनुभव आहे.

यात शिकवणं कुठे आहे? या प्रश्नाचं सर्वांत भक्कम उत्तर एका संकटातून मिळालं. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आणि तशाच कीटकनाशकांचा वापर वाढला. विष किड्यांतून लहान पक्ष्यांत आणि त्यांच्यातून ससाण्यांत साठत गेलं. अंड्यांची कवचं इतकी पातळ झाली की उबवतानाच फुटू लागली. ब्रिटनमध्ये डेरेक रॅटक्लिफ यांनी १९६७ साली कवच पातळ झाल्याचा पुरावा मांडला. अमेरिकेत मिसिसिपीच्या पूर्वेकडचा घरटी करणारा बहिरी ससाणा तोवर नाहीसाच झाला होता. तिथे डीडीटीवर १९७२ साली बंदी आली, पण परत यायला पक्षी शिल्लक नव्हते. पक्षीशास्त्रज्ञ आणि स्वतः ससाणे पाळणारे टॉम केड यांनी १९७० साली कॉर्नेल विद्यापीठात पेरेग्रीन फंडाची सुरुवात केली. बंदिस्त जागेत अंडी उबवली, पिल्लं वाढवली आणि पाच-सहा आठवड्यांची झाल्यावर कड्यावर, मनोऱ्यावर किंवा शहरातल्या इमारतीच्या छतावर लाकडी पेटीत नेऊन ठेवली. माणूस दिसू नये अशा बेतानं अन्न आत टाकलं जाई. काही दिवसांनी पेटीची जाळी उघडत. पिल्लं आपल्या मनानं बाहेर पडत, उडत, धडपडत, भूक लागली की पेटीशी परतत. स्वतः शिकार करू लागेपर्यंत काही आठवडे अन्न ठेवलं जाई, मग बंद होई. या संपूर्ण काळात त्यांच्यासमोर एकही प्रौढ ससाणा नसे. अशा रीतीनं उत्तर अमेरिकेत ६,००० हून अधिक पक्षी सोडले गेले, आणि १९९९ साली अमेरिकेनं बहिरी ससाण्याचं नाव संकटग्रस्त यादीतून काढलं. ज्यांना कोणी सूर मारून दाखवला नव्हता, त्यांनीच पुढे जोड्या जमवल्या, पिल्लं काढली आणि शहरं भरली. शिकवणीवाचून शिकार येत नसती तर हा प्रयोग पहिल्याच हिवाळ्यात संपला असता.

ही पेटीची रीत प्रयोगशाळेत जन्मली नव्हती. ससाणे पाळणारे शिकारी घरट्यातून घेतलेलं पिल्लू कित्येक शतकं असंच काही आठवडे मोकळं सोडत, ठरल्या जागी अन्न ठेवत आणि त्यानं शिकार धरायला सुरुवात करण्याच्या बेताला पुन्हा पकडत. या विद्येची आपल्याकडची परंपराही जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात श्येनविनोदाचा, म्हणजे ससाण्यांकरवी खेळायच्या शिकारीचा, स्वतंत्र भाग आहे. कुमाऊँच्या रुद्रदेवाचं 'श्यैनिकशास्त्र' तर याच एका विषयाला वाहिलेलं आहे. अबुल फजलच्या 'ऐन-ए-अकबरी'त बाज, शाहीन आणि इतर शिकारी पक्ष्यांचा खुराक, त्यांची देखभाल आणि किमती नोंदल्या आहेत. किंमत ठरवताना पक्षी अजून पिसं न गाळलेला कोवळा आहे, की पिसं गाळून प्रौढ झालेला, हे पाहिलं जाई. हा अबुल फजल खानदेशच्या मोहिमेत स्वतः होता. असीरगड जानेवारी १६०१ मध्ये अकबराच्या हाती आला तो त्याच मोहिमेच्या शेवटी. त्यानंतर बुऱ्हाणपूर हे मोगलांचं दख्खनेतलं मोठं ठाणं झालं. शहाजादे आणि सुभेदार इथे राहिले, आणि नदीपलीकडे जैनाबादेत हरणांसाठी राखलेलं उपवन, आहूखाना, आजही उभं आहे. मुमताजचं पार्थिव आग्र्याला हलवण्यापूर्वी याच परिसरात काही महिने ठेवलं होतं. शिकार हा ज्या दरबाराच्या दिनक्रमाचा भाग होता, त्याचं हे दक्षिणेकडचं बिऱ्हाड.

ससाणे पाळणाऱ्या या शिकाऱ्यांचा अनुभवही त्याच निष्कर्षाकडे नेतो. घरट्यातून उचलून हातावर वाढवलेला पक्षी माणसाळतो लवकर, पण शिकारीत रानातून धरलेल्या पक्ष्यापेक्षा तो कच्चा पडतो, ही जगभरच्या जाणकारांची जुनी तक्रार आहे. रानातला पक्षी काही महिने स्वतः उडालेला, चुकलेला, उपाशी राहिलेला असतो. थॉमस जर्डन या इंग्रज पक्षीशास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकात भारतीय शिकाऱ्यांची रीत नोंदवली आहे. शाहीनला हातावरून थेट भक्ष्यावर सोडत नसत. तो माणसांच्या डोक्यावर उंच घिरट्या घालत राही आणि भक्ष्य उठवलं की वरून सूर मारी. मीरशिकार, म्हणजे शिकारी पक्षी हाताळणारा माणूस, पक्ष्याला सूर शिकवत नव्हता. सूर पक्ष्याच्या अंगातच होता. माणूस त्याला उंची, मोकळं आकाश आणि योग्य क्षणी उठलेलं भक्ष्य मिळवून देत होता. म्हणजे जागेचंच काम तो स्वतः करत होता.

यावर एक आक्षेप सरळ आहे. प्रौढ ससाणे कधी कधी जिवंत पक्षी पिल्लांसमोर हवेत सोडतात, आणि पिल्लाला तो धरता आला नाही तर पुन्हा पकडून पुन्हा सोडतात. हे शिकवणं नव्हे तर काय? आक्षेपात तथ्य आहे, आणि निरीक्षण खोटं नाही. पण शिकवणं सिद्ध करायचं तर दोन गोष्टी दाखवाव्या लागतात: शिकवणारा पिल्लाच्या वयानुसार वागणं बदलतो, आणि त्या बदलामुळे पिल्लू एरवीपेक्षा लवकर शिकतं. आफ्रिकेच्या कलहारी वाळवंटातल्या मीरकॅट या प्राण्याबाबत केंब्रिजच्या अभ्यासकांनी २००६ साली प्रयोगानं हे दाखवलं. तिथे मोठे प्राणी लहानांना आधी मेलेला, मग नांगी मोडलेला आणि शेवटी धडधाकट विंचू देतात. ससाण्याच्या बाबतीत जिवंत भक्ष्य सोडण्याचं आणखी एक साधं स्पष्टीकरण उरतं: भुकेली, धारदार पंजांची पिल्लं अंगावर येतात तेव्हा पंजातलं टाकून देणं आई-बापांसाठी सुरक्षित असतं. दोन्ही कारणं एकत्रही असू शकतील. पिल्लांना त्याचा फायदा होत असेल, हेही मान्य करता येईल. तरीही पेटीतून सोडलेल्या पक्ष्यांचा पुरावा हलत नाही. आई-बापांची मदत उपयोगी असेल, पण ती अनिवार्य नाही. अनिवार्य आहेत अन्नाची शाश्वती आणि चुकायला मुभा देणारी जागा.

ती जागा कशी असावी लागते, ते आता बुऱ्हाणपुरात पाहता येतं. पहिली गरज खोल उताराची. पिल्लाच्या पायाखाली एकदम मोकळी हवा हवी, म्हणजे पंख चुकले तरी सावरायला अंतर मिळतं. तापीच्या उत्तर तीरावरचा शाही किल्ला या दृष्टीनं पाहावा. मोगलांपूर्वी खानदेशावर राज्य करणाऱ्या फारुकी सुलतानांच्या काळापासूनचा हा राजवाडा. शहाजहानचा १६३० ते १६३२ हा काळ मुख्यतः इथेच गेला. शहराच्या बाजूनं तो साधा वाटतो, पण त्याची नदीकडची भिंत मजल्यामागून मजला घेत थेट पात्रावर उभी आहे. समोर रुंद पात्र, पलीकडे सपाट शेती, मध्ये आडकाठी नाही. दुसरी गरज भक्ष्याची. ते जुन्या शहरात भरपूर आहे. जामा मशीद हे त्याचं उत्तम उदाहरण. १५९० च्या सुमारास राजा अली खान फारुकीनं पुरी केलेली ही काळ्या दगडातली मशीद तिच्यातल्या संस्कृत शिलालेखासाठी प्रसिद्ध आहे. अशा जुन्या दगडी इमारतींच्या कोनाड्यांत आणि कठड्यांवर पारवे सुखानं नांदतात, आणि तिचे दोन मिनार भोवतालच्या वस्तीच्या कितीतरी वर जातात. पारव्याच्या घरट्याला लागणारा कोनाडा आणि ससाण्याच्या बैठकीला लागणारी उंची एकाच बांधकामात मिळते, म्हणूनच जगभरच्या जुन्या शहरांत हे दोन पक्षी एकत्र दिसतात.

तिसरी गरज निवांतपणाची, आणि ती असीरगडावर भागते. इंदूरच्या रस्त्यानं उत्तरेला गेल्यावर सातपुड्याच्या रांगेत हा किल्ला लागतो. डोंगर पायथ्यापासून सुमारे ८५० फूट उंच. माथ्याच्या भोवती ८० ते १२० फुटांचा ताशीव कडा आहे, आणि त्यावर तट बांधलेला. खाली कमरगड आणि मलयगड अशा आणखी दोन तटबंद्या. सैन्याला वर चढू न देणारा कडा मांजराला, मुंगसाला आणि माणसालाही अडवतो, आणि कपारीत वाढणाऱ्या पिल्लाला नेमकं तेवढंच हवं असतं. दुपारी तापलेल्या बेसॉल्टवरून उठणारी गरम हवा आणि माथ्यावर आदळून वर वळणारा वारा उडायला शिकणाऱ्या पक्ष्याला आधार देतो. काठावरून खाली पाहताना घारी पायाखालून तरंगत जातात. त्यांच्याकडे वरून बघताना उंचीचा अर्थ लवकर उमगतो.

दुसरा आक्षेप शहरावर आहे. शहर हे रानाचं विकृत रूप, तिथे तारा, काच आणि गाड्या. शिकाऊ पक्ष्याला ते मारकच ठरणार, असं म्हटलं जातं. काही अंशी ते खरं आहे. परदेशातल्या शहरी घरट्यांवर काम करणाऱ्या स्वयंसेवकांचा सर्वांत मोठा ताप हाच असतो की पहिल्या झेपेत पिल्लू रस्त्यावर उतरतं आणि सपाटीवरून पुन्हा उठू शकत नाही. काचेवर आपटून मरणारेही बरेच असतात. पण कड्यावरही पिल्लं मरतात. तिथे घुबड, कोल्हा आणि उपासमार असते. शहराच्या बाजूनं भरपूर अन्न आणि कमी शत्रू या गोष्टी पडतात. न्यूयॉर्कमध्ये १९८० च्या दशकापासून पुलांवर आणि इमारतींवर जोड्या स्थिरावल्या. लंडनमध्ये जुन्या वीजकेंद्रांच्या धुराड्यांवर ससाणे बसू लागले, इंग्लंडमधल्या डर्बीच्या कॅथेड्रलवर त्यांच्यासाठी मुद्दाम फळी बसवली गेली. पिल्लाला कडा आणि मनोरा यांतला फरक कळत नाही; त्याला उतार, वारा आणि भक्ष्य कळतं. भारतीय शहराचा धोका मात्र वेगळा मोजायला हवा. इथे विजेच्या उघड्या तारा जास्त आहेत, आणि संक्रांतीच्या आगेमागे नायलॉनचा आणि काचेचा लेप दिलेला मांजा आकाशात ताणलेला असतो. वेगानं सूर मारणाऱ्या पक्ष्याला तो दिसत नाही. शाहीनच्या विणीची तयारी याच दिवसांत सुरू होते.

तिसरा आक्षेप वास्तू जपणाऱ्यांचा. पारव्यांच्या विष्ठेनं दगड आणि रंगकाम खराब होतं. शाही किल्ल्यातल्या हमामखान्याची चित्रं जपायची तर कोनाडे बुजवलेच पाहिजेत. हेही योग्य आहे. ससाण्याची एक जोडी शहरातले पारवे संपवेल अशी आशा दाखवणं चूक ठरेल. तसं कुठेही झालेलं नाही. पण चित्र असलेली आतली दालनं आणि नदीकडची बाहेरची उघडी भिंत यांत फरक करता येतो. आतल्या बाजूला जाळी लावावी. बाहेरच्या उंच दर्शनी बाजूला दोन-चार कपारी मोकळ्या ठेवाव्यात. डागडुजी करताना प्रत्येक भेग चुन्यानं भरून सपाट केली की वास्तू टिकते, पण पक्ष्याच्या दृष्टीनं ती मेलेली असते. बांधकामाची वेळ विणीच्या बाहेर ठेवली तर दोन्ही हेतू साधतात.

पाहायला जाणाऱ्यांसाठी थोडं व्यावहारिक. नोव्हेंबर ते मार्च हा काळ बरा. एप्रिलनंतर निमाड आणि खानदेशातलं ऊन सोसवत नाही. सकाळी लवकर नदीकाठ, संध्याकाळी गडाचा माथा. आकाशात दिसणारा प्रत्येक शिकारी पक्षी ससाणा नसतो. शेपटी दुभंगलेली असेल तर ती घार. पंख रुंद आणि आखूड, झाडांतून वेगानं निघून जाणारा तो शिक्रा. एका जागी हवेत पंख फडफडवत स्थिर राहणारी हिवाळी पाहुणी म्हणजे खरुची. टोकदार लांब पंख, काळं डोकं, गालावर काळी मिशी आणि पारव्यांचा थवा अचानक एकवटून उधळणं, ही बहिरी ससाण्याची खूण. दुर्बीण पुरते. कपार सापडलीच तर तिच्याजवळ जाऊ नये, ड्रोन उडवू नये आणि छायाचित्रासोबत नेमकी जागा जाहीर करू नये. बहिरी ससाणा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. पिल्लू उचलणं, घरट्याला त्रास देणं हा गुन्हा आहे. जमिनीवर उतरलेलं पिल्लू दिसलं तर घरी न नेता वनविभागाला कळवावं.

सारांश असा की ससाण्याचं शिक्षण हे शिक्षकापेक्षा शाळेच्या आवारावर अवलंबून आहे. हा निष्कर्ष सोयीचा आहे, कारण पक्ष्याच्या आई-बापांना आपण काही शिकवू शकत नाही, पण आवार सांभाळणं पूर्णपणे आपल्या हातात आहे. मांजाबंदी कागदावरून गच्चीपर्यंत पोचवणं, जुन्या भिंतींवरच्या काही कपारी मुद्दाम सोडणं, विणीच्या दिवसांत कड्याच्या काठावर गोंगाट टाळणं, शेतीत १९८९ सालीच बंद झालेल्या डीडीटीसारखी विषं पुन्हा मागच्या दारानं येऊ न देणं: ही चारही कामं नगरपालिका, पुरातत्त्व खातं, शेतकरी आणि प्रवासी यांना आपापल्या जागी करता येतील. बुऱ्हाणपूरला जाल तेव्हा मिनाराचं टोक आणि नदीकडची भिंतही पाहा, आणि तिथली कपार बुजवली जात असेल तर बुजवणाऱ्याला तिचा उपयोग सांगा.